आपल्या जिल्ह्याच्या संघाचा सामना बघायला चला : मॉरिशसमधल्या मराठी मंडळ्यांना खुलं पत्र

प्रति,
मॉरिशसमधल्या सर्व मराठी मंडळ्यांचे अध्यक्ष, सचिव, कार्यकारिणी आणि तरुण सभासद

सप्रेम नमस्कार.

गणपतीच्या तयारीच्या बैठका सुरू होतील तेव्हा प्रत्येक मंडळीने (इथे मराठी मंडळाला ‘मंडळी’ म्हणतात) विषयपत्रिकेवर आणखी एक विषय घ्यावा, एवढी विनंती करायला हे पत्र लिहितो आहे. विषय इथल्या राष्ट्रीय फुटबॉल लीगचा आहे. फुटबॉलचा आणि मराठी मंडळीचा संबंध काय, असं काही जण इथेच म्हणतील. संबंध आहे असं मला मनापासून वाटतं, आणि तो का वाटतो ते सविस्तर सांगतो. पत्र खुलं ठेवलं आहे, कारण कोल्हापूर, मुंबई, गोव्यातल्या फुटबॉलवेड्यांनीही ते वाचावं अशी इच्छा आहे. त्यांच्यासाठी तुम्हाला ठाऊक असलेल्या काही गोष्टी पुन्हा सांगाव्या लागतील, त्याबद्दल राग मानू नये.

मी मूळचा कोल्हापूरचा. नोकरीच्या निमित्ताने इथे आलो आणि वाक्वाला स्थिरावलो. तुम्ही मला पाहुण्यासारखं कधी वागवलं नाहीत. घरच्या गणपतीला बोलावलंत, माझ्या पोरांना जाखडीत उभं केलंत, दीडशे वर्षांपूर्वी मुंबई बंदरातून जहाजात बसलेल्या तुमच्या पणज्यांच्या गोष्टी सांगितल्यात. त्या नात्याच्या बळावर थोडं स्पष्ट बोलण्याची मोकळीक घेतो.

कोल्हापूरच्या माणसाला परगावी गेलं की पहिला प्रश्न पडतो तो इथे फुटबॉल कुठे चालतो हा. इथे तो सगळीकडे चालतो. ऊसमळ्याच्या कडेला, समुद्रकाठच्या फिलाओच्या झाडांखाली, शाळेच्या पटांगणावर, संध्याकाळी जिथे बघाल तिथे पोरं चेंडूमागे धावत असतात. एकाच्या पाठीवर फुटबॉलपटू सालाचं नाव, दुसऱ्याच्या पाठीवर साकाचं. कुठल्याही माणसाला लिव्हरपूल की मँचेस्टर युनायटेड एवढं विचारा, अर्धा तास बोलेल. पण आपल्या जिल्ह्याचा संघ या आठवड्यात कुणाशी खेळतो आहे, कुठे, किती वाजता, हे विचारलं की समोरचा गप्प होतो. मी शेजाऱ्यांना विचारलं, कचेरीत विचारलं, मंडळीच्या सभेनंतर चहा घेताना विचारलं. कोणालाच सांगता आलं नाही.

क्युरपीपच्या जॉर्ज पाचवा स्टेडियमवर लीगचा सामना बघायला बसलं की मैदानातलं सगळं बोलणं गॅलरीत ऐकू येतं. गोलकीपर बचावपटूंना क्रिओलमध्ये, म्हणजे इथल्या बोलीत, काय सुनावतो आहे, प्रशिक्षक कुणाच्या नावाने ओरडतो आहे, लाइन्समन पंचाला काय सांगतो आहे, सगळं. क्युरपीपचा तो बारीक पाऊस असतोच. खेळाडूंच्या घरची माणसं एका कोपऱ्यात छत्र्या धरून बसलेली असतात, एखादा म्हातारा रेडिओ कानाला लावून घोड्यांच्या शर्यती ऐकत असतो. चेंडू गॅलरीत आला तर तो परत टाकायला माणूस उठेपर्यंत खेळाडूच कठडा चढून येतो. फाटकाबाहेर गातो पिमाँ, म्हणजे आपले डाळवडेच, तळायला बसलेली बाई पहिला घाणा काढते आणि मग नुसती बसून राहते. खेळ मात्र वाईट नसतो, हे मी कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर लहानाचा मोठा झालेला माणूस म्हणून सांगतो. डाव्या बगलेवरून एखादा पोरगा असा निसटतो की शाहू स्टेडियम असतं तर सगळी गॅलरी उभी राहिली असती. इथे टाळी वाजते ती त्याच्या बापाची.

साडेबारा लाखांचा देश. फुटबॉल लीग १९३५ पासूनची. या बेटाचा संघ १९७४ साली इजिप्तमध्ये आफ्रिका चषकाच्या मुख्य स्पर्धेत खेळला. १९८५ आणि २००३ मध्ये, दोन्ही वेळा घरच्या मैदानावर, हिंदी महासागर बेटांच्या क्रीडास्पर्धेत फुटबॉलचं सुवर्ण जिंकलं. तुमच्यातले पन्नाशीपुढचे लोक २००३ ची ती रात्र अजून डोळ्यांत पाणी आणून सांगतात. कोण हिंदू, कोण मुसलमान, कोण क्रिओल याचा त्या रात्री कुणी हिशेब केला नाही, चौरंगी झेंडा घेऊन सगळे रस्त्यावर होते, असं प्रत्येक जण म्हणतो. मग त्याच देशात घरगुती लीगची गॅलरी ओस का?

याचं उत्तर तुम्हाला माहीत आहे, फक्त आपण ते मोठ्याने बोलत नाही. तिशीच्या आतल्या मुलांना तर ते कुणी धड सांगितलेलंच नाही.

जुन्या लीगमध्ये प्रत्येक समाजाचा आपापला संघ होता. हिंदू कॅडेट्स, तमिळ कॅडेट्स, मुस्लिम स्काउट्स ही नावंच पुरेशी बोलकी आहेत. डोडो क्लब फ्रेंच वंशाच्या गोऱ्यांचा, फायर ब्रिगेडच्या मागे क्रिओल, म्हणजे मुख्यतः आफ्रिकी वंशाचा, समाज. १९८० च्या दशकात सरकारने धर्माची, समाजाची नावं काढायला लावली. मुस्लिम स्काउट्सचा नुसता स्काउट्स क्लब झाला, हिंदू कॅडेट्सचा कॅडेट्स क्लब. पाटी बदलली, गॅलरी बदलली नाही. कोण कुणाच्या बाजूला बसणार हे जन्मानेच ठरलेलं राहिलं. स्टेडियमं भरत होती, हजारो लोक येत होते, ईर्षा टिपेला होती. जुने लोक त्या दिवसांबद्दल हळवे होतात आणि ते मी समजू शकतो. पण त्या ईर्षेच्या पोटात काय वाढत होतं ते १९९९ मध्ये दिसलं.

त्या वर्षी फेब्रुवारीत काया हा सेगे (इथला सेगा आणि रेगे यांचं मिश्रण) गायक पोलीस कोठडीत मरण पावला आणि देशात दंगली उसळल्या. ती जखम ओली असतानाच २३ मे उजाडला. अंजले स्टेडियमवर स्काउट्स क्लब आणि फायर ब्रिगेड यांच्यात विजेतेपद ठरवणारा सामना होता. फायर ब्रिगेड जिंकला. त्यानंतर दगडफेक, जाळपोळ, आणि रात्री पोर्ट लुईतल्या लामिकाल या जुगारघराला लागलेली आग. सात माणसं गेली. त्यांत लहान मुलं होती, एक गरोदर बाई होती. त्यांतलं कुणीही त्या दिवशी फुटबॉल खेळलं नव्हतं.

महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी इथे थोडं थांबतो, कारण या स्टेडियमचं नाव ज्या बाईवरून आहे तिची ओळख करून द्यायला हवी. १९४३ च्या सप्टेंबरात बेल व्ह्यूच्या ऊसमळ्यावर मजुरीसाठी संप झाला आणि पोलिसांनी मजुरांवर गोळ्या झाडल्या. चार जण मेले. त्यांत अंजले कूपन ही तरुण मजूर होती, पोटुशी. समाज कुठलाही असो, या बेटावर घाम गाळलेल्या सगळ्यांची ती आहे, म्हणून तिचं नाव स्टेडियमला दिलं. २३ मे चा सामना त्याच स्टेडियमवर झाला.

पुढे सुमारे दीड वर्ष लीग बंद राहिली. पुन्हा सुरू झाली ती नव्या रचनेने. समाजाशी जोडलेले जुने क्लब मोडले आणि प्रदेशवार नवे उभे केले. फायर ब्रिगेडच्या जागी पाम्प्लमूसचा संघ आला, राजधानीत पोर्ट लुई २००० आला, क्युरपीप, सावान, कात्र बोर्न, पेतीत रिव्हिएर न्वार असे गावा-जिल्ह्यांचे संघ झाले. हा निर्णय योग्य होता, असंच माझं मत आहे. जुनी नावं परत आणा, गर्दी आपोआप येईल, असं अधूनमधून कुणीतरी म्हणतं. तसं म्हणणाऱ्यांनी ती सात माणसं आठवावीत.

पण तो निर्णय अर्ध्यावर राहिला. समाजाचा संघ काढून घेतला आणि त्या जागी गावाचा संघ दिला; तो गावाचा आहे हे गावाला कुणी येऊन सांगितलं नाही. नव्या संघाला आठवणी नव्हत्या, आजोबांनी सांगितलेल्या गोष्टी नव्हत्या, हाडवैरी नव्हता. त्याच काळात घरोघरी टीव्हीवर इंग्लंडची लीग आली आणि रिकाम्या झालेल्या मनात जाऊन बसली. जरा वेळेचा हिशेब बघा. इंग्लंडमध्ये दुपारी साडेबाराला सुरू होणारा सामना इथे साडेतीन-साडेचारला लागतो, तीनचा सामना सहा-सातला. म्हणजे शनिवार-रविवारची जी संध्याकाळ मैदानावर जायची, नेमकी तीच संध्याकाळ. २०१४ पासून लीगला व्यावसायिक म्हटलं जातं, पण खेळाडू बहुतेक दिवसा दुसरं काम करतात आणि संध्याकाळी सरावाला येतात. २०२० मध्ये सरकारने देशाच्या प्रसिद्धीसाठी लिव्हरपूलशी करार केला. पर्यटनासाठी त्याचा काय उपयोग झाला याचा हिशेब तज्ज्ञांनी करावा. पण अकरा वर्षांच्या पोराला त्यातून एकच गोष्ट कळते, की खरा फुटबॉल दुसरीकडे असतो.

हे मी फुटबॉल संघटनेला न लिहिता तुम्हाला का लिहितो आहे, त्याचं कारण आता सांगतो.

कोल्हापुरात फुटबॉल तालमींचा आहे. पाटाकडील तालीम, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ, फुलेवाडी. ज्या तालमीत पूर्वी कुस्ती चालायची, तिचाच पुढे फुटबॉल संघ झाला. पोरगा ज्या पेठेत जन्मतो त्या पेठेचा संघ त्याचा; जात-धर्म विचारायची वेळच येत नाही, कारण तालीम पेठेची असते. कोल्हापुरातल्या कितीतरी तालमींत गणपतीही बसतो आणि मोहरमला पंजेही बसतात. शाहू स्टेडियमवर ईर्षेचा सामना असला की दुकानं लवकर बंद होतात, गॅलरीत पाय ठेवायला जागा राहत नाही. आमच्याकडेही हुल्लडबाजी होते, दगड पडतात, त्यापायी स्पर्धा थांबवाव्या लागल्या आहेत, आणि त्याची मला एक कोल्हापूरकर म्हणून लाज वाटते. पण पोलिसांनी तंबी दिली, संघटनेने दंड केला, तरी पुढच्या हंगामात गॅलरी पुन्हा भरते. कारण संघाच्या मागे रोज भेटणारी माणसं असतात. तालमीच्या कट्ट्यावर वर्गणी गोळा होते, जखमी खेळाडूच्या औषधपाण्याचं बघितलं जातं, सामन्याची वेळ सगळ्या पेठेला तोंडपाठ असते.

मॉरिशसच्या लीगला हे मागे उभं राहणारं माणसांचं जाळं उरलेलं नाही. क्लबांकडे ते नाही, संघटनेकडे नाही. ते आहे ते तुमच्यासारख्या मंडळ्यांकडे, तमिळ कोविलांकडे म्हणजे देवळांकडे, तेलुगू सभांकडे, मशिदींकडे, चर्चच्या तरुण गटांकडे, ‘बैठका’ म्हणतात त्या गावोगावच्या हिंदू संस्थांकडे. गणेश चतुर्थीला तुम्ही काय करता ते मी बघितलं आहे. बस ठरते, जेवण ठरतं, समुद्रावर विसर्जनाला हजारो माणसं जातात आणि एकही पोरगं हरवत नाही. म्हाताऱ्यांना हाताला धरून नेणारे स्वयंसेवक असतात. गटावर एक निरोप टाकला की तासाभरात सगळ्या गावाला कळतं. ही ताकद या देशात अशा संस्थांशिवाय दुसऱ्या कुणाकडे नाही. ती थोडी लीगकडे वळवा, एवढंच माझं मागणं आहे.

आता यातला धोका मलाही दिसतो. समाजाच्या संस्था फुटबॉलमध्ये आल्या म्हणूनच तर १९९९ घडलं, असं तुमच्यातले जाणते लोक म्हणतील. म्हणून काय करू नये ते आधी सांगतो. मराठी संघ काढू नका. तरुणांच्या बोलण्यात हा विषय निघतो हे मी ऐकलं आहे: आपल्या समाजाची एवढी पोरं चांगली खेळतात, मग आपला संघ का नसावा? हेतू चांगला असेल, पण त्या वाटेचा शेवट देशाने बघितला आहे. मंडळीचा फलक, भगवे फेटे, घोषणा यातलं काही स्टेडियमच्या फाटकाच्या आत नेऊ नका. मध्यंतरात जाखडी ठेवू, असं कुणी उत्साहाने सुचवेल. जाखडी मला जिवापाड आवडते, तरीही ती तिथे नको. सामन्याला जाताना अंगावर रंग असावा तो क्लबचा. ब्लॅक रिव्हरकडची, कास्कावेलची मंडळी असेल तर पेतीत रिव्हिएर न्वारचा, कात्र बोर्नची असेल तर कात्र बोर्नचा. जी मंडळी ज्या गावात, त्या गावाचा संघ तिचा.

आणि एकटे जाऊ नका. तुमच्या गावातल्या कोविलाच्या, मशिदीच्या, चर्चच्या तरुणांना बरोबर घ्या. एकाच बसमध्ये बसा. चार समाजांच्या चार बस आल्या तर आपण पुन्हा जुन्या गॅलरीत जाऊन बसलो असं समजा. एक बस, तिच्यात सगळे, आणि बसचं भाडं सगळ्यांनी मिळून. क्युरपीपचा सामना असेल तर बसचीही गरज नाही. २०२२ पासून मेट्रो क्युरपीपपर्यंत जाते, आणि ती बांधली आपल्या मुंबईच्या लार्सन अँड टुब्रोने. वाक्वाहून पोराबाळांना घेऊन मेट्रोने जाता येतं, सामना संपला की मेट्रोनेच परत. संध्याकाळी बस मिळणार नाही म्हणून कितीतरी घरं मैदानावर जात नाहीत, ती अडचण निदान त्या पट्ट्यात तरी सुटली आहे.

तिकीट काढून जा. फुकट पास मागू नका, अध्यक्षांसाठी पुढच्या रांगेतल्या खुर्च्या मागू नका. सन्मान, हारतुरे, मंत्र्यांचं भाषण यातलं काही ठेवलं की त्या दिवशी गर्दी होते आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा शुकशुकाट. लीगला एका दिवसाची गर्दी नको आहे. तिला हंगामभर येणारी शंभर घरं पाहिजेत. एकेका क्लबामागे शंभर घरं उभी राहिली तर या देशाच्या लीगचं रूप पालटेल, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. कारण शंभर घरं आली की गातो पिमाँवालीचा दुसरा घाणा खपतो, शेजारच्या दुकानदाराला जाहिरातीचा फलक लावावासा वाटतो, आणि डाव्या बगलेवरून निसटणाऱ्या त्या पोराला आपलं कुणीतरी बघतं आहे हे जाणवतं.

मुलींना न्या, हे वेगळं सांगतो. रिकाम्या, अंधाऱ्या गॅलरीत मुलीला पाठवायला कुठली आई तयार होईल? पण मंडळीच्या मावश्या-काकवा सोबत असतील तर प्रश्नच येत नाही. जाखडीत पोरींचे पाय ज्या चपळाईने पडतात ते बघून मला नेहमी वाटतं की यांच्या पायात बूट आणि पुढ्यात चेंडू दिला पाहिजे. मैदान त्यांच्या सवयीचं झालं तर त्या खेळायलाही उतरतील.

आणखी एक काम आहे आणि ते फक्त मंडळ्याच करू शकतात. तुमच्यात साठी-सत्तरीचे असे लोक आहेत ज्यांनी जुनी लीग डोळ्यांनी बघितली, काही जण खेळले असतील. त्यांना एका रविवारी मंडळीच्या सभागृहात बोलावा आणि तरुणांसमोर बोलू द्या. चांगलं सांगू द्या आणि वाईटही सांगू द्या. गॅलरीत दुसऱ्या समाजाला काय काय बोललं जायचं, आपण स्वतः काय बोललो, २३ मे च्या रात्री कोण कुठे होतं, आई-बापांनी दारं कशी लावून घेतली. या गोष्टी घरात कुजबुजत सांगितल्या जातात आणि पोरांपर्यंत त्यांची अर्धीमुर्धी, विषारी आवृत्ती पोचते. समोरासमोर, पूर्ण सांगितल्या तर त्यांचा धाक जाईल. दर वर्षी २३ मे च्या जवळ लीगचा जो सामना येईल त्यात दोन्ही संघांनी त्या सात जणांसाठी एक मिनिट शांत उभं राहावं, अशी विनंती सगळ्या मंडळ्यांनी, कोविलांनी, मशिदींनी आणि चर्चनी एका कागदावर सह्या करून फुटबॉल संघटनेकडे द्यावी, असंही सुचवतो.

त्याच कागदावर संघटनेकडे थोडं आणखी मागता येईल. हंगाम सुरू होण्याआधी पूर्ण वेळापत्रक जाहीर व्हावं आणि ते शक्यतो बदलू नये, कारण बस ठरवणाऱ्या माणसाला तारीख महिनाभर आधी लागते. क्लबचा घरचा सामना खरोखर त्याच्या घरी व्हावा. कात्र बोर्नच्या संघाने बेटाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन ‘घरचा’ सामना खेळावा आणि गावाने त्याच्यामागे यावं, ही अपेक्षाच चुकीची आहे. सगळी मैदानं मोठ्या सामन्याच्या दर्जाची नसतील, तर लहान मैदानांना दोन-तीन लाकडी पायऱ्या आणि बरे संडास बांधून द्यावेत. आणि वेळ इंग्लंडच्या सामन्यांशी भांडणारी नसावी. रविवारी सकाळी दहाला खेळवून बघा. जेवायच्या वेळेला माणूस घरी असेल आणि संध्याकाळी त्याचा लिव्हरपूलही चुकणार नाही. लिव्हरपूलवर प्रेम करणाऱ्या माणसाला मी नावं ठेवत नाही. दोन्हीला मनात जागा असते.

लहान देशाला काय जमतं याची उदाहरणं आहेत. अटलांटिकमधलं केप व्हर्दे हे आफ्रिकी बेटराष्ट्र, लोकसंख्या सुमारे पाच लाख, २०२५ मध्ये विश्वचषकाला पात्र ठरलं. त्यांचे पुष्कळसे खेळाडू युरोपात वाढलेले आहेत हे खरं, तेव्हा ती तुलना जपूनच करायला हवी. माझ्या मते फेरो बेटांचं उदाहरण जास्त बोलकं आहे. पंचावन्न हजारांच्या आसपास वस्ती, वाऱ्यापावसाने झोडपलेली बेटं. तिथल्या क्लाक्सविक या पाच हजारांच्या गावाचा क्लब २०२३ मध्ये युरोपीय स्पर्धेच्या गटफेरीत पोचला, वाटेत हंगेरीच्या फेरेन्सव्हारोशला हरवून. त्या गावात कुणालाही विचारा, सामना कधी आहे ते सांगेल, असं मी पैजेवर म्हणेन. आपल्या वाक्वात पाच हजारांहून कितीतरी जास्त माणसं राहतात.

ऑगस्ट २०१७ मध्ये मॉरिशसचा संघ मुंबईत अंधेरीला भारताशी खेळला. मर्व्हिन जोसलिनने पहिला गोल मारला आणि काही काळ मॉरिशस पुढे होतं. शेवटी २-१ ने हरलं. २०२४ च्या सप्टेंबरात हैदराबादला भारताला गोलशून्य बरोबरीत रोखलं. आपण दोन्ही देशांचे म्हणवतो, तर या दोन सामन्यांच्या वेळी मंडळ्यांत केवढी चर्चा व्हायला हवी होती! ती मी तरी ऐकली नाही. हे खेळाडू घडतात कुठे? अशाच ओस गॅलरीसमोर, ज्या गॅलरीत आपण जात नाही.

तुमच्यापैकी काही जण म्हणतील, मंडळीचं काम भाषा टिकवणं आहे, सण टिकवणं आहे, फुटबॉल आमच्या घटनेत बसत नाही. भाषेची चिंता मलाही आहे. मोक्याच्या महात्मा गांधी संस्थेत मराठी शिकवली जाते, शाळांतही शिकवली जाते, आणि वर्गात पटसंख्या घटत असल्याची तक्रार मी तुमच्याकडूनच ऐकतो. पण सोळा वर्षांचा मुलगा मंडळीत फक्त आरतीपुरता येतो आणि मोबाइल बघत मागे उभा राहतो, हेही आपण सगळे बघतो. त्याला महिन्यातून एकदा मंडळीने सामन्याला नेलं, परतीच्या बसमध्ये त्याच्या शेजारी एखादे काका बसले आणि गोल कसा हुकला यावर मराठीत वाद घालायला लागले, तर तो मराठीत वाद घालायला शिकेल. आणि त्याच्या दुसऱ्या बाजूला मशिदीतला त्याच्याच वयाचा पोरगा बसलेला असेल, तर त्यांच्यात क्रिओलमध्ये जी मैत्री होईल ती या देशाच्या कामाची आहे.

शेवटी प्रत्यक्ष काय करायचं ते सांगतो, म्हणजे ठराव करून फाइलला लावायला वाव राहणार नाही. पुढच्या बैठकीत प्रत्येक मंडळीने आपल्या सर्वात जवळचा क्लब कुठला ते नक्की करावं. दोन तरुण सभासदांनी, त्यांतली एक मुलगी असावी, त्या क्लबच्या चिटणीसांना प्रत्यक्ष जाऊन भेटावं आणि येत्या दोन महिन्यांतल्या घरच्या सामन्यांच्या तारखा लिहून आणाव्यात. त्यांतली एक तारीख ठरवावी, शेजारच्या दोन-तीन संस्थांना निरोप द्यावा, आणि बस सांगावी. वाक्वाच्या बसचं पहिल्या वेळचं भाडं मी देतो. बाकीच्या गावांतही असे कुणीतरी निघतीलच.

काही चुकलं असेल तर मंडळीत बोलावून सांगा, मी येईन. तुमच्या उत्तराची वाट बघतो.

कळावे, लोभ आहेच, तो वाढावा.

आपला,
वाक्वात राहणारा एक कोल्हापूरकर